भाकरीचा हिशेब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते आम्हांला गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत. मी पुढे मराठीचा प्राध्यापक झालो. तेव्हा आज मी एखाद्या कवीविषयी बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु गुरुजींचे एक देणे माझ्याकडे साठ वर्षे थकले आहे. आम्ही नववीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी त्यांनी फळ्यावर लिहिले होते : ‘एका भाकरीला किती ऊर्जा लागते?’ सुट्टीनंतर मी कोरी वही घेऊन आलो. गुरुजी रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “जमेची बाजू कोणीही लिहितो. खर्चाची बाजू लिहायला वेळ लागतो. सवडीने कर.” ती सवड मला आता मिळाली आहे.

ती सुट्टी मी आजोळी, खानदेशात काढली होती. उत्तर तेथे डोळ्यांसमोर होते, पण मला ते वाचता आले नाही. विहिरीवर मोट चाले. बैलजोडी धावेवरून उतरे तेव्हा कोठे थारोळ्यात पाणी पडे. शेणखत गाडीने शेतात जाई, मळणी बैलांच्या पायांखाली होई, आणि पहाटे आजी जात्याचा खुंटा धरी. १९६०-६१ च्या सुमारास भारतीय शेतीत वापरल्या जाणाऱ्या शक्तीचा नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा माणसांचा आणि जनावरांचा होता. भाकरीमागची ऊर्जा भाकरी आणि कडबा यांतूनच येत होती. शेत स्वतःच्याच कमाईवर चालत होते. मात्र ती कमाई तुटपुंजी होती. १९५०-५१ मध्ये देशाचे अन्नधान्य उत्पादन सुमारे ५ कोटी टन होते, आणि १९६५-६६ च्या अवर्षणात अमेरिकेच्या गव्हाची वाट पाहण्याची वेळ आपल्यावर आली.

त्यानंतर जे घडले त्याला आपण हरितक्रांती म्हणतो. १९६६ मध्ये मेक्सिकोहून गव्हाचे १८ हजार टन बियाणे आले. या बुटक्या वाणांना भरपूर पाणी आणि भरपूर नत्र हवे होते. २०२२-२३ मध्ये धान्योत्पादन सुमारे ३३ कोटी टनांवर गेले, म्हणजे साडेसहा पट झाले. ही झाली जमेची बाजू, आणि ती क्षुल्लक नाही. आता खर्चाची बाजू पाहू. १९५०-५१ मध्ये देशात एक लाख टनांहूनही कमी रासायनिक पोषकद्रव्ये वापरली गेली. २०२०-२१ मध्ये हा आकडा सव्वातीन कोटी टनांच्या आसपास होता. ही वाढ तीनशे पटींहून अधिक आहे. शेतीतील शक्तीत माणसांचा आणि जनावरांचा वाटा आता दहा टक्क्यांच्या आसपास उरला आहे. बैलाच्या जागी डिझेल आले, मोटेच्या जागी वीज आली आणि शेणखताच्या जागी नैसर्गिक वायू आला.

वायू म्हटल्यावर आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु आपण बडोदेकर आहोत. आपल्याला ते वाटू नये. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली आणि १९६७ मध्ये बाजव्याजवळ खत कारखान्याचे उत्पादन सुरू झाले. पुढे १९८० च्या दशकात हजिऱ्याहून थेट उत्तर प्रदेशातील जगदीशपूरपर्यंत वायुवाहिनी टाकली गेली आणि तिच्या काठाने खताचे कारखाने उभे राहिले. जुन्या काळी नदीकाठी गावे वसत, तसेच हे झाले. हवेतील नत्र पकडण्याची विद्या जर्मनीत फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांनी सिद्ध केली. तिचा पहिला कारखाना १९१३ मध्ये चालू झाला. या विद्येत वायू हे इंधनही असते आणि कच्चा मालही. आपल्याकडे एक टन युरिया करण्यास साडेपाच ते सहा गिगॅकॅलरी ऊर्जा लागते. म्हणजे पंचेचाळीस किलोच्या एका गोणीत अडीच लाखांहून अधिक किलोकॅलरी खर्ची पडतात. तेवढ्यात एका माणसाचे जवळजवळ चार महिन्यांचे जेवण होते.

हा तोटाच आहे, असे मात्र कोणी समजू नये. गोणी नीट वापरली तर त्याहून अधिक धान्य परत मिळते. परंतु घातलेल्या नत्राचा मोठा भाग पिकाला न लागता पाण्यात आणि हवेत जातो. गोणीची किंमत सरकार बांधून देते, म्हणून तिचे खरे मोल शेतकऱ्याच्या हिशेबात दिसत नाही. पाण्याचेही तसेच आहे. देशातील विजेचा सुमारे सहावा हिस्सा शेतीत, मुख्यतः पंपांवर जातो. दहा मीटरवरचे पाणी शंभर मीटरवर गेले, की तीच घागर उपसायला दहापट ऊर्जा लागते. उत्तर गुजरातेत हे आपण पाहिलेले आहे.

मग जुने दिवस बरे होते काय? येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. पीएच.डी.साठी जात्यावरच्या ओव्या गोळा करीत मी आजीकडे गेलो. गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षे झाली होती. ‘गिरणीने ओवी मारली’ असे मी हळहळून म्हणालो. आजी म्हणाली, “पोरा, ओवी गोड होती, पण खांदा माझा होता.” माझ्या प्रबंधात खर्चाची बाजू नव्हती, ती आजीने एका वाक्यात लिहिली. चुलीच्या धुराने तिचे डोळे गेले होते, आणि तो धूरही कोणत्याच हिशेबात नव्हता. आजही तो पुरता गेलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरे ५९ टक्क्यांच्या आसपास होती.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. साठ वर्षांत भाकरीमागचे श्रम संपले नाहीत; ते दृष्टीआड गेले. पूर्वी ते आजीच्या खांद्यावर होते, आता ते जमिनीखालच्या वायूवर आणि जलसाठ्यावर आहेत. आजीला बोलता येत होते. वायूला आणि पाण्याला बोलता येत नाही. त्यांच्या वतीने हिशेब आपणच मांडला पाहिजे. तो मांडता येतो. आपल्या शेजारी खेडा जिल्ह्यात १९४६ मध्ये दूधउत्पादकांचा सहकारी संघ उभा राहिला. त्याच जिल्ह्यातील ढुंडी गावी २०१६ मध्ये शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. उरलेली वीज ते विकू लागले. वीज विकता आली, की पाणी वाया घालविणे महाग वाटू लागते. खर्चाची बाजू डोळ्यांपुढे आली, की माणूस आपोआप शहाणा होतो.

गुरुजी, वही उशिरा आणली आहे आणि गणितही पुरते सुटलेले नाही. परंतु या वेळी ती कोरी नाही. तपासावी, ही विनंती.