दुसऱ्यांच्या पायांनी खेळताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'करिअरच्या मध्यावर' असा विषय दिला आहे. मी इंजिनिअर, वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे ही आता कॉम्प्युटरबद्दल बोलणार अशी तुमची समजूत असेल. पण ते आमचं रोजचंच आहे. मी आज एका कोरियन फुटबॉलपटूबद्दल बोलणार आहे. हसून घ्या, मी थांबते.

त्यांचं नाव चा बुम-कुन. चा हे आडनाव, कोरियात ते आधी लावतात. कामानिमित्त मी काही वर्षं जर्मनीत, फ्रँकफुर्टला होते. तिथे विली ब्रांट प्लाट्झ नावाचं भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे. त्याच्या खांबांवर आइन्ट्राख्ट फ्रँकफुर्ट या क्लबच्या नावाजलेल्या खेळाडूंची मोठमोठी चित्रं आहेत. त्यांतला एक चेहरा आशियाई. हा कोण, असं ऑफिसमधल्या एका वयस्कर सहकाऱ्याला विचारलं, तर तो समोरचं जेवण विसरून अर्धा तास बोलत राहिला. मग मीही वाचत गेले.

चा यांचा जन्म १९५३ चा. अठरा-एकोणिसाव्या वर्षीच ते दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय संघात आले. १९७६ मध्ये मलेशियाविरुद्ध संघ १-४ असा मागे होता. शेवटच्या काही मिनिटांत या पठ्ठ्याने एकट्याने तीन गोल केले आणि सामना बरोबरीत सोडवला. १९७८ च्या अखेरीस ते जर्मनीला गेले, डार्मस्टाट क्लबकडून एक सामना खेळले आणि परतले. कारण कोरियात प्रत्येक तरुणाला सैन्यात सेवा करावी लागते आणि यांची मुदत संपलेली नव्हती. पंचविशी उलटलेली, युरोपचं दार उघडलेलं, आणि हे हवाई दलाच्या बराकीत! १९७९ च्या उन्हाळ्यात सुटका झाल्यावर ते फ्रँकफुर्टला आले.

पुढची दहा वर्षं मी आकड्यांत सांगते, इंजिनिअरची सवय. बुंडेसलीगा या जर्मनीच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेत ३०८ सामने आणि ९८ गोल, त्यांत एकही पेनल्टीचा नाही. पहिल्याच हंगामात, १९८० मध्ये, फ्रँकफुर्टने युएफा चषक जिंकला. १९८१ मध्ये जर्मन चषक, आणि त्याच्या अंतिम सामन्यात यांचा एक गोल. १९८३ मध्ये ते बायर लेव्हरकुसेन क्लबकडे गेले. १९८८ च्या युएफा चषकाच्या अंतिम फेरीत हा क्लब एस्पान्योलकडून पहिला सामना ०-३ हरला होता. घरच्या मैदानावर त्यांनी ती तूट भरून काढली, आणि तिसरा गोल चा यांचा. पस्तीस पूर्ण व्हायला तेव्हा चार दिवस बाकी होते. मग पेनल्टीवर चषक जिंकला.

एक घटना मात्र आकड्यांत बसत नाही. १९८० मध्ये लेव्हरकुसेनविरुद्ध खेळताना त्यांच्या युर्गेन गेल्सडोर्फ या खेळाडूने मागून टॅकल केला. चा यांच्या पाठीच्या मणक्याला इजा झाली. फ्रँकफुर्टचे प्रेक्षक गेल्सडोर्फवर खवळले. तीन वर्षांनी चा ज्या संघात गेले तो याच गेल्सडोर्फचा संघ, आणि तिथे दोघे सहकारी म्हणून खेळले.

इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही मोठ्या खेळाडूची म्हणता येईल. मला ओढ लागली ती पुढच्या भागाची, कारण चा पुढे प्रशिक्षक झाले.

खेळाडू स्वतःच्या पायांनी खेळतो, प्रशिक्षकाला दुसऱ्यांच्या पायांनी खेळावं लागतं. शिट्टी वाजली की तो रेषेबाहेर. त्याने चेंडूला हात लावायचा नाही, पायही नाही. निकाल मात्र त्याच्या नावावर.

१९९१ ते १९९४ चा यांनी उल्सानच्या ह्युंदाई संघाला शिकवलं, लीगचं विजेतेपद मिळालं नाही. जानेवारी १९९७ मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. सप्टेंबरमध्ये टोकियोत जपानविरुद्ध संघ मागे पडला आणि शेवटच्या सात-आठ मिनिटांत दोन गोल करून जिंकला. कोरियन माणसाला जपानला जपानमध्ये हरवणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. देशाने चा यांना डोक्यावर घेतलं. संघ १९९८ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला.

१३ जून १९९८, फ्रान्समधलं लियाँ, समोर मेक्सिको. हा सोक-जू या खेळाडूने फ्री किकवर गोल केला. विश्वचषकात कोरियाने प्रथमच सामन्यातला पहिला गोल केला होता. तीनच मिनिटांत त्याच हा सोक-जूने मागून टॅकल केला. त्या स्पर्धेत मागून टॅकल करणाऱ्यांना थेट बाहेर काढा, अशी पंचांना सक्त सूचना होती. लाल कार्ड. दहा जणांचा संघ १-३ हरला. एका आठवड्याने मार्सेलमध्ये नेदरलँड्सने ५-० धुव्वा उडवला. दुसऱ्या दिवशी चा यांना काढून टाकण्यात आलं. साखळीतला शेवटचा सामना बाकी होता, तेवढंही थांबले नाहीत. टोकियोच्या विजयाला नऊ महिनेही झाले नव्हते.

आता थोडं आपल्याबद्दल. आपण सगळे चाळिशीत आहोत. पहिली दहा वर्षं मी कोड लिहायचे. चाललं तर माझं, नाही चाललं तर माझं. मग मला 'लीड' केलं, आणि दिवसभर मीटिंग, कोड लिहिणार पोरं. एका रात्री टीममधल्या नव्या मुलाच्या एका बदलामुळे ग्राहकाची सिस्टीम पाच तास बंद पडली. सकाळी वरून मेल आली, 'हे कोणी केलं?' उत्तरात त्याचं नाव लिहायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. मी लिहिलं, 'आमच्या टीमकडून झालं, जबाबदारी माझी.' त्या वर्षी माझं रेटिंग उतरलं. मुलगा टिकला, आज तो स्वतः लीड आहे. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. तुमच्यापैकी कोणाचा कारखाना आहे, कोणी बँकेत शाखा सांभाळतं, कोणी वॉर्डात मुख्य परिचारिका आहे, आणि बहुतेकांच्या घरी दहावी-बारावीतली मुलं आहेत. आपण सगळेच आता रेषेबाहेर उभे आहोत.

म्हणून चा यांचं पुढे काय झालं ते बघू. एका मुलाखतीत त्यांनी कोरियन फुटबॉलमधल्या सामनानिश्चितीबद्दल विधानं केली आणि मायदेशात त्यांच्यावर पाच वर्षांची बंदी आली. ते चीनमध्ये शेन्झेनच्या संघाकडे गेले. २००२ चा विश्वचषक कोरियात आणि जपानमध्ये झाला तेव्हा ते टीव्हीवर समालोचन करत होते. कोरिया उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. प्रशिक्षक होते गुस हिडिंक, म्हणजे १९९८ मध्ये ५-० ने हरवणाऱ्या नेदरलँड्सचेच प्रशिक्षक. आणि संघात चा यांचा मुलगा डू-री होता. कल्पना करा, त्या खुर्चीत बसून बोलायचं काय! ते बोलले, आणि लोकांनी आवडीने ऐकलं. २००४ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, सुवोनच्या संघाने त्यांना बोलावलं. पहिल्याच हंगामात लीगचं विजेतेपद आणि २००८ मध्ये पुन्हा एकदा.

आणि हा सोक-जू? आपल्यामुळे चा यांची नोकरी गेली या अपराधी भावनेने तो वीस वर्षं त्यांना सामोरा गेला नाही. २०१८ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात दोघांची गाठ घालून दिली. पन्नाशीतला तो माणूस चा यांच्यासमोर लहान मुलासारखा रडला, आणि चा यांनी त्याला जवळ घेतलं. मला तेव्हा गेल्सडोर्फ आठवला. स्वतःचा मणका मोडणाऱ्याच्या संघात जाऊन जो माणूस खेळला, तो आपल्याच खेळाडूबद्दल मनात काय धरून बसणार?

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. राष्ट्रीय संघ हाती येण्याच्या कितीतरी आधी, १९८८ पासून, चा यांच्या नावाने प्राथमिक शाळेतल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना पुरस्कार दिला जातो. जर्मनीहून परतल्यावर १९९० मध्ये त्यांनी लहान मुलांसाठी फुटबॉलची शाळा काढली. तो पुरस्कार मिळालेल्या मुलांत एक होता पार्क जी-सुंग. हाच पार्क २००२ च्या संघात खेळला आणि पुढे मँचेस्टर युनायटेडमध्ये गेला. १९९८ चा निकाल एका रात्रीत लागला. या कामाचा निकाल लागायला दहा वर्षं लागली, आणि तो दुसऱ्याच्या नावावर लागला.

सर, बाई, हे शेवटचं तुमच्यासाठी. आम्ही हे चाळिशीत शिकतो आहोत, तुम्ही नोकरीच्या पहिल्या दिवसापासून दुसऱ्यांच्याच पायांनी खेळलात. आमचे निकाल कमी लागले की वरिष्ठांसमोर तुम्ही उभे राहिलात, आणि पेढे मात्र आमच्या घरी वाटले गेले. त्या वेळी आभार मानायचे राहून गेले होते. आज सगळ्या बॅचच्या वतीने मानते.