घारापुरीला जाण्याआधी

हिवाळ्यात मुंबईचा बेत ठरला, की आपल्या पुणेकरांच्या यादीत घारापुरी असतेच. पण बहुधा चार ठिकाणांतलं एक म्हणून! घारापुरी अशी उरकण्याची जागा नव्हे.

जाण्याआधी एका सकाळी जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर पाहून घ्या. आठव्या शतकातलं हे शैव लेणं. अंगणात गोल नंदीमंडप, आत पिंडीची पूजा आजही चालू. खडक कोरत कोरत मंडप, खांब, गाभारा कसा साधतात, हे इथं डोळ्यांत बसलं की घारापुरी उमगू लागते.

तिथलं मुख्य लेणं साधारण सहाव्या शतकातलं. आपण 'त्रिमूर्ती' म्हणतो, पण ते ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हेत. तिन्ही मुखं शिवाचीच, असं अभ्यासक सांगतात. आपल्या डावीकडचं उग्र, मधलं शांत, उजवीकडचं सौम्य. या मूर्तीसमोर अर्धा तास तरी बसा.

आता बेताचं. सोमवारी लेणी बंद असतात. गेटवेहून लाँचला तासभर लागतो. आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करून सकाळची लाँच गाठावी. वर शंभराहून अधिक पायऱ्या आहेत, तेव्हा आजी-आजोबांना थांबत थांबत चढू द्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर 'नीलकमल' बोटीला अपघात होऊन माणसं दगावली. म्हणून लाइफ जॅकेट मागून घ्या आणि बोट सुटण्याआधीच अंगात घाला. लाजू नका.

त्या दिवसाच्या यादीतली बाकीची ठिकाणं राहिली, तर खुशाल राहू द्या.