पेन्शन नाही, म्हणून उपचारही नाहीत?

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. 'अपशिंगे मिलिटरी' हीच त्याची ओळख झाली. शेजारच्या सांगलीतही माजी सैनिकांची घरे थोडी नाहीत. १ एप्रिल २००३ रोजी अटलजींच्या काळात त्यांच्यासाठी 'ईसीएचएस' ही आरोग्ययोजना सुरू झाली, पण ती पेन्शनधारकांपुरतीच. दुसऱ्या महायुद्धातील बिनपेन्शनी वृद्धांना २०१९ साली प्रवेश मिळाला. सोळा वर्षांनी! तोवर उरले होते किती? आता अग्निवीरांचे पाहा. २०२२ च्या योजनेनुसार चार वर्षांनंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा सेवेत राहणार. बाकीच्यांना एकरकमी सेवानिधी, मात्र पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. निदान सीमेवर जडलेल्या व्याधीवर तरी त्यांना आयुष्यभर उपचार मिळावेत, ही मागणी आपल्या खासदारांकडे आपणच नेली पाहिजे.