गोचीड कुणाच्या अंगावरची?

माळव्यातल्या देवासात एकाच गावात थोरली आणि धाकटी अशा दोन पात्यांची दोन राज्ये नांदली. काळ्या मातीत बिळे खोदणाऱ्या उंदराला मात्र त्यांच्यातली हद्द कधी कळली नाही. गोचिडींचे वर्गीकरण करताना आपणही यजमान प्राण्यांच्या नावाने अशाच हद्दी आखतो. यजमानाची नोंद पुराव्यात धरावी, व्याख्येत घालू नये, असे माझे म्हणणे आहे.

माझ्या म्हणण्याला सर्वांत गैरसोयीचे उदाहरण आधी घेतो. १९६६ साली पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले ढांडा यांनी ऱ्हिपिसेफॅलस रामचंद्राय ही नवी जात वर्णिली, ती टटेरा इंडिका या उंदरावरून. शेपटीच्या टोकाला काळसर झुबका असलेला हा बिळातला उंदीर. मग हिला ‘झुबकेवाल्या उंदराची गोचीड’ म्हटले तर काय बिघडले? बिघडते ते असे, की उंदराच्या अंगावर मिळालेली प्रत्येक गोचीड उंदराचीच नसते. नोसोमा मॉन्स्ट्रोसमची पिल्ले उंदीर-घुशींवर पोसतात आणि प्रौढ मादी म्हशीवर सापडते. पिल्लू सहा पायांचे, पुढची अवस्था आठ पायांची. दर वेळी रक्त पिऊन जमिनीवर गळायचे, कात टाकायची आणि नवा यजमान धरायचा. एका अवस्थेच्या यजमानावरून जात ठरवणे म्हणजे सासरच्या पत्त्यावरून माहेरचे आडनाव सांगण्यासारखे आहे.

उलट दिशेची चूक अधिक फसवी. ऑस्ट्रेलियातल्या गुरांवरची गोचीड बराच काळ आपल्याकडची हिमाफायसॅलिस बायस्पायनोसा समजली जात होती. गुरे तीच, सवयी तशाच. १९६८ साली गोचिडींचे अभ्यासक हूगस्ट्राल आणि सहकाऱ्यांनी बारकाईने पाहून ती लाँगिकॉर्निस ही वेगळी जात असल्याचे दाखवले. यजमान सारखा होता म्हणूनच फरक झाकला गेला.

काहीजण म्हणतील, आता डीएनए आहे, मग गोचिडींची कवचे आणि सोंडा मोजायच्या कशाला? डीएनएचे ऋण मी मानतो. त्याच पुराव्याच्या बळावर २००३ साली बूफिलस ही प्रजाती ऱ्हिपिसेफॅलसमध्ये विलीन झाली. पण अनुक्रमाला नाव चिकटवायचे तर जपून ठेवलेला, ओळख पटलेला नमुना लागतोच. दुसरा आक्षेप उपयुक्ततेचा: एवढ्या बारकाव्यांचा व्यवहारात उपयोग काय? त्याला कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलाचे उत्तर पुरेसे आहे. १९५७ साली शिमोग्याजवळ उघडकीस आलेला, गोचिडींमुळे पसरणारा तिथला ‘माकडताप’ २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. त्याची मुख्य वाहक हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा प्रौढपणी गुरांवर असते, लहानपणी उंदीर, चिचुंद्री, माकडे यांवर. आणि माणसाला प्रामुख्याने चावते ती मधल्या अवस्थेतली. तिला केवळ ‘गुरांची गोचीड’ म्हणणाऱ्याचे लक्ष नेमके चुकीच्या जनावरावर राहील.

म्हणून माळव्याच्या शेतातला उंदीर तपासताना नमुन्याच्या चिठ्ठीवर यजमानाच्या नावापाशी थांबू नये. गोचिडीची अवस्था, संख्या, उंदीर बिळात सापडला की उघड्यावर, हेही लिहावे. आणि ज्यांच्या अंगावर काहीच मिळाले नाही असे उंदीर किती, तेही. हा शेवटचा आकडा आपण बहुधा लिहीतच नाही, आणि त्याच्यावाचून ‘ही गोचीड याच उंदरावर असते’ या विधानाला आधार उरत नाही.