काटकसर दोघांची
(रमाई जयंतीच्या कार्यक्रमात पडेगाव येथे दिलेले भाषण)



संस्थेच्या कार्यकर्त्यांनी मला विषय दिला तो 'साधी राहणी' असा. बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला दुसरा कोणता विषय देणार म्हणा! पण त्यात एक शब्द मी माझ्या पदरचा घालणार आहे. तो शब्द म्हणजे प्रेम. आज ७ फेब्रुवारी. आपल्याला ही तारीख माता रमाईंची जयंती म्हणून माहीत आहे. समोर बसलेल्या मुलामुलींना मात्र हेही माहीत आहे, की आजच्याच दिवशी बाजारात एक आठवडा सुरू होतो. पहिला दिवस गुलाबाचा आणि शेवट १४ तारखेला. हसू नका, मलाही माहीत आहे. त्या आठवड्यात गुलाब महाग होतो हेही माहीत आहे.

मी त्या आठवड्याला नावे ठेवायला उभा नाही. तरुण वयात कोणी आवडावे, त्याला किंवा तिला काही द्यावेसे वाटावे, यात गैर काय आहे? गुलाब घेणाऱ्याला मी अडवणार नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की आनंद दोघांचा असतो, तर त्याचा भार कोणाच्या अंगावर पडतो?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही, काउंटरवर सुचला आहे. लग्नसराई जवळ आली की सोनेतारण कर्जाच्या टेबलासमोर गर्दी वाढते. बाप पुढे असतो, आई मागे उभी असते, आणि पिशवीतून निघते ते आईच्या गळ्यातले. मुलीच्या लग्नासाठी आईचा गळा रिकामा होतो. मुलाकडचेही यातून सुटलेले नाहीत, ते वैयक्तिक कर्जाचा अर्ज भरत असतात. अलीकडे तर मुले मोबाइलवरच्या ॲपवरून कर्ज काढून मैत्रिणीला मोबाइल देतात. विद्यार्थी मित्रांनो, एक साधा हिशेब घ्या. समजा, लग्नासाठी ३ लाख रुपये कर्ज घेतले, व्याज दरसाल १२ टक्के, मुदत ५ वर्षे. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ६,६७३ रुपये. पाच वर्षांत परत करायचे ४ लाखांच्या थोडे वर. म्हणजे एक लाख रुपये नुसते व्याजाचे. कार्यालयातली फुले दुसऱ्या दिवशी झाडून काढतात, पण हप्ता साठ महिने दर महिन्याच्या पाच तारखेला दारात उभा राहतो. नव्या संसारातली पहिली भांडणे याच हप्त्यावरून होतात. प्रेम कमी झाले म्हणून भांडण झाले असे लोक म्हणतात, पण कमी झालेले असतात पैसे.

आता आपल्या विधीकडे पाहा. बौद्ध पद्धतीच्या विवाहाला लागते काय? तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्त्या, अगरबत्ती, पांढरी वस्त्रे, फुलांचे दोन हार आणि साक्षीला चार माणसे. त्रिसरण-पंचशील आणि वधूवरांच्या प्रतिज्ञा धरून अर्ध्या-पाऊण तासाचे काम. एवढी सुटसुटीत पद्धत हाती असताना आपण तिच्याभोवती बस्ता, मानपान, आहेर, रुखवत, डीजे आणि लॉन्स असे सगळे बांधून टाकले. विधी आपला ठेवला आणि खर्च दुसऱ्याचा उचलला, असे मला वाटते. ज्यांना नोंदणी विवाह करायचा आहे त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचे आणि तीन साक्षीदार न्यायचे. बॅंड लागत नाही.

ही वाट नवी नाही. महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला २४ सप्टेंबर १८७३ रोजी, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. भटजी नाही, हुंडा नाही, फारसा खर्च नाही. आणि जोतीरावांनी जी मंगलाष्टके लिहिली त्यांत वधू स्त्रियांच्या हक्काची मागणी करते. खर्च कमी करताना त्यांनी मुलीचा मान वाढवला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता ज्यांच्यासाठी आपण जमलो त्यांच्याकडे वळतो. रमाईंचा जन्म दापोलीजवळच्या वणंद गावचा, साल १८९८. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहायचे. आईवडील लवकर गेले आणि भावंडे मुंबईला नातेवाइकांच्या आश्रयाला आली. लग्न लागले ते भायखळ्याच्या मासळी बाजारात. दिवसभराचा बाजार उठल्यावर, रात्री. एका बाजूला वराकडची मंडळी, दुसऱ्या बाजूला वधूकडची, आणि बसायला मासे विकायचे दगडी ओटे. बापाने मासळीच्या टोपल्या वाहिल्या आणि लेकीचे लग्न मासळी बाजारात लागले. दोघांचीही वये तेव्हा फार लहान होती. त्या काळची ती रीत होती. ती आपण उचलायची नाही, पण त्या मांडवाची लाज वाटायचेही कारण नाही. ज्यांचे नाव आज जगभर घेतले जाते त्यांच्या लग्नाला मंगल कार्यालय नव्हते, एवढे त्या लॉन्सचा ॲडव्हान्स भरण्यापूर्वी आठवावे.

पुढची हकीकत तुम्हाला ठाऊक आहे, पण हिशेबाच्या अंगाने ती फारशी कोणी सांगत नाही. १९१८ साली बाबासाहेब सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार ४५० रुपये. त्या काळात ही रक्कम मोठी होती. माणूस बंगल्यात गेला असता. ते परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले. घरखर्चाला ठरावीक रक्कम रमाईंच्या हाती द्यायची आणि उरलेले अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणासाठी साठवायचे. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर. कर्ज त्यांनीही काढले, मित्रांनो, पण ते शिक्षणासाठी काढले. लंडनमध्ये ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचन, आणि पोटाला जेमतेम. इकडे रमाई त्याच चाळीत घर ओढत होत्या. गोवऱ्या थापल्या, उपास काढले, आणि संसारात एकामागून एक चार लेकरे गेली. एक यशवंत तेवढा राहिला. दोन टोकांना दोन माणसे अर्धपोटी, आणि मध्ये समुद्र. तरी पत्रे जात-येत होती. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांच्याकडे एकमेकांना द्यायला काहीच नव्हते. मला मात्र त्या काळात महाराष्ट्रात याहून मोठे प्रेम दिसत नाही.

इथे मला एक गोष्ट जरा स्पष्ट बोलायची आहे, आणि ती पुरुष मंडळींनी ऐकावी. रमाईंचा त्याग आपण दर वर्षी गातो. आणि घरी जाऊन बायकोला सांगतो, "बघ, रमाईंनी कसे सोसले, तुला काय साडीचे पडले आहे?" ही रमाईंच्या नावावर केलेली उचल आहे. नवऱ्याचे मित्र, त्याचा गुटखा, त्याच्या गाडीचे पेट्रोल यांत काटकसर नाही आणि बाईच्या चपलेत मात्र साधी राहणी! बाबासाहेब स्वतः उपाशी राहून शिकत होते, म्हणून रमाईंच्या उपासाला अर्थ होता. आणि त्यांनी ते देणे विसरूही दिले नाही. रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. १९४० साली बाबासाहेबांचा पाकिस्तानच्या प्रश्नावरचा इंग्रजी ग्रंथ निघाला, तो त्यांनी रामूच्या स्मृतीस अर्पण केला. ओळखीचे कोणी नव्हते आणि हाती पैसा नव्हता त्या दिवसांत तिने आपल्याबरोबर किती सोसले, हे त्यांनी जगासमोर लिहून ठेवले. आमच्या भाषेत सांगायचे तर ती पोच आहे. आपल्यापैकी किती नवऱ्यांनी अशी पोच दिली आहे? पुढे २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेतही त्यांनी मुलींना सांगितले, की नवऱ्याची मैत्रीण व्हा, बरोबरीने उभ्या राहा, दासी होऊ नका.

धम्मातही काटकसर म्हणजे चिक्कूपणा नव्हे. व्यग्घपज्ज सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला तराजूची उपमा दिली आहे. मिळकत आणि खर्च यांची दांडी समतोल ठेवावी. उधळ्याला ते उंबर खाणारा म्हणतात, चार फळांसाठी झाड हलवायचे आणि ढीग वाया घालवायचा. पण लगेच दुसरी बाजूही सांगतात. पैसा असून जो कुढत जगतो त्याचाही ते दोष मानतात. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन कामधंद्यात, चौथा अडचणीच्या वेळेसाठी. उपभोगासाठी एक पूर्ण भाग! आमच्या बँकेतला कोणी सल्लागार इतका उदार नसेल. त्याच सुत्तात पत्नीविषयी पतीची पाच कर्तव्ये आहेत. तिचा मान राखणे, अपमान न करणे, एकनिष्ठ राहणे, घरची सत्ता तिच्या हाती देणे आणि पाचवे, तिला अलंकार देणे. तेव्हा ज्यांनी साधेपणाच्या नावाखाली गजराही बंद केला आहे त्यांनी हे पाचवे कलम पुन्हा वाचावे.

याच ग्रंथांत नकुलपिता आणि नकुलमाता असे एक जोडपे येते. नकुलपिता आजारी पडला, जगेल असे वाटेना. तेव्हा नकुलमाता त्याच्या उशाशी बसून सांगते, काळजी घेऊन जाऊ नका, मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मी लेकरे वाढवीन, घर चालवीन. म्हातारा बरा झाला. आयुर्विमा नव्हता तेव्हाची ही गोष्ट आहे. प्रेमाच्या गोष्टीत सूत कातायचे बोलणे मला दुसरीकडे सापडले नाही. विद्यार्थिनींनो, तुमच्या हातात कमाईचे कौशल्य असणे हाही प्रेमाचाच भाग आहे, एवढे यातून घ्या.

आपण पडेगावकर तर भाग्यवान. फिरायला जायचे म्हटले तर एका अंगाला दौलताबाद, पुढे वेरूळ, आणि इकडे विद्यापीठामागच्या डोंगरात आपली लेणी. तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात बुद्धापुढे गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष आहेत. जोडीने जाऊन त्यांचे चेहरे पाहा, केसांची रचना पाहा, कोणी घाई करत नाही. बीबी का मकबऱ्यालाही जा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ती कबर. लोक तिला दख्खनचा ताज म्हणतात आणि आग्र्याच्या मानाने स्वस्तातली म्हणून हिणवतातही. जुन्या तारीखनाम्यात तिचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा नोंदला आहे. कारकून म्हणून मला ते सात आणे फार आवडतात. पण माणूस गेल्यावर साडेसहा लाखांची इमारत उभी करण्यापेक्षा, ते असताना संध्याकाळी त्याच्याबरोबर त्या डोंगराकडे पाहत बसणे आपल्या पगारात बसते.

आमच्या घरची पद्धत विचारली म्हणून सांगतो. आमच्याकडे दोन वह्या आहेत. एक घरखर्चाची, ती पत्नी लिहिते. दुसरी माझ्या खिशाची, ती मी लिहितो आणि महिनाअखेरीस ती तपासते. पहिल्या वर्षी मला हे जड गेले, आता सवय झाली. पगाराच्या दिवशी एक छोटी रक्कम डब्यात पडते. त्या डब्यातले पैसे किराणा, दवाखाना, पाहुणा यांपैकी कशालाही वापरायचे नाहीत, ते फक्त आम्हा दोघांचे. महिन्यातून एक रविवार त्या डब्याचा. बरोबर भाकरी, ठेचा, कांदा, जमले तर दह्याची वाटी, आणि बसने दौलताबाद. सीताफळांच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला बसलेल्या बायांकडून एक पाटी घ्यायची, निम्मी तिथेच खायची. परत येताना गजरा. त्यावरही आमचा दर वेळी वाद होतो. मी वहीत दहा लिहितो आणि ती म्हणते, "अहो, दहाचा गजरा कधीच गेला, आता वीसचा झाला." लग्नाचा वाढदिवस आला की जुनी पत्रे काढतो. साखरपुडा ते लग्न या पाच महिन्यांत मोबाइल परवडत नव्हता म्हणून आम्ही पत्रे लिहिली. तेव्हा तिकिटाचे पैसे जड वाटायचे. आज तेवढ्या पैशांत विकत घेतलेली दुसरी कोणतीही वस्तू घरात शिल्लक नाही.

मुलांनो, उद्या कोणाला काही द्यायचे असेल तर पत्र द्या. हाताने लिहा. ज्याला लिहायला सुचत नाही त्याने आपल्याला आवडलेले पुस्तक द्यावे आणि पहिल्या पानावर तारीख घालावी. ग्रंथालयात दोघांनी शेजारी बसून अभ्यास केला तरी चालतो, त्याला तिकीट नाही. आणि लग्न ठरेल तेव्हा घरच्यांपुढे दोघांनी मिळून कागद ठेवा, त्यावर खर्चाचा आकडा लिहा. मुलीकडचे किती, मुलाकडचे किती, आणि आईच्या गळ्यातले किती, असे तीन रकाने पाडा. तिसऱ्या रकान्यात शून्य येईपर्यंत वरच्या यादीतली एकेक ओळ खोडत जा. डीजेची ओळ आधी खोडायला हरकत नाही.

मी बरोबर आमची चालू वर्षाची वही आणली आहे. ज्यांना हिशेब कसा मांडतात ते पाहायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी भेटावे. पत्नीही समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिच्या आणि माझ्या नोंदीत फरक निघाला तर तिची नोंद खरी धरावी.

जयभीम, जय भारत.