तेरा नंबरचा पाना आणि अर्धा इंच

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



व्याख्यानमालेत माझं नाव वाचून बहुतेकांना वाटलं असेल, की हे आता मुदत ठेवी, नॉमिनेशन आणि मृत्युपत्र यांवर बोलणार. ३६ वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून तशी अपेक्षा रास्तच आहे. पण विषय सचिवांनीच सुचवला. म्हणाले, "काका, खाली ती गाडी चालू केलीत ना, त्यावर बोला. लोकांनी सहा महिने ठोकाठोक ऐकली, निदान कशासाठी ते तरी कळू दे." तेव्हा आजचा विषय जुन्या गाडीच्या दुरुस्तीचा.

नव्याने राहायला आलेल्यांसाठी थोडी ओळख करून देतो. बी विंगच्या कोपऱ्यात जी फिकट निळी, दोन दरवाजांची गाडी उभी असते ती स्टँडर्ड हेरल्ड, १९६८ सालची. माझ्या थोरल्या बंधूंनी ती सेकंडहँड घेतली होती. ते गेल्यापासून ती उभीच होती. मग गेल्या खेपेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव झाला, की बंद पडलेल्या गाड्या ३१ मार्चपर्यंत चालू करा, नाहीतर हलवा. पार्किंगची टंचाई सगळ्यांनाच आहे, ठराव योग्यच होता. त्याच्या बाजूने माझाही हात वर होता. पण आमच्या वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, भंगारवाला आला तर मला आधी गावाला पाठवा. मी बघणार नाही." म्हणजे बँकेत होता तसा इथेही मार्च एंड आलाच!

आता तुम्ही म्हणाल, हेरल्ड म्हणजे काही स्पोर्ट्स कार नव्हे. दिसायला नाही. त्या काळी आपल्याकडे गाडी घ्यायची तर ॲम्बॅसिडर, फियाट किंवा हेरल्ड. हेरल्ड मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फची. १९५९ साली ती तिकडे आली, तिचा आकार इटलीच्या मिकेलोत्ती यांनी काढला आणि १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ती इथे बनवू लागली. इंजिन अवघं ९४८ सीसी. पण तिचाच सांगाडा आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार काढली. तेव्हा अंगरखा वेगळा असला तरी हाडं पुष्कळशी तीच. स्पोर्ट्स कारवाल्यांचं जे दुखणं, तेच हेरल्डवाल्यांचं.

तिचे गुणही सांगितले पाहिजेत. वळायला एवढी हलकी, की साधारण २५ फुटांत पूर्ण वर्तुळ घेते. गिरगावातल्या गल्ल्यांत दादा ती एका दमात वळवायचे. आणि पुढचं अख्खं तोंड, मडगार्डांसकट, पुढे उलटतं. पुढच्या टायरवर पाटासारखं बसून इंजिनाचं काम करता येतं. मेकॅनिकला हे दिसलं की तो खूश होतो. त्याची खुशी साधारण अर्धा तास टिकते.

पहिली अडचण पान्यांची. मुंबई हे फियाटचं शहर. गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे फियाटच. प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची इथली सद्दी संपली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. फियाट इटलीची, तिचे नट-बोल्ट मिलिमीटरचे. त्यामुळे मुंबईच्या मेकॅनिकांच्या दोन पिढ्या दहा, तेरा, सतरा नंबरच्या पान्यांवर वाढल्या. हेरल्डचं सगळं इंचात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेरा नंबरचा पाना त्यावर बसतो, पण किंचित सैल. नट मोकळा असेल तर काम होतं; गंजलेला असेल तर पाना सरकतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. पुढे तो कुठल्याच पान्याला दाद देत नाही. ७/१६ इंच म्हणजे ११.१ मिलिमीटर. त्याला अकराचा पाना बसत नाही आणि बाराचा नुसता फिरतो.

पन्नास-पंचावन्न वर्षांत ही गाडी अनेकांच्या हातून गेली, आणि प्रत्येक जण आपापले दोन-चार नट गोल करून गेला. मी नागदेवी स्ट्रीटवर आणि चोरबाजारात चार-पाच फेऱ्या मारून इंची पान्यांचा संच जमवला. तेव्हा कुठे काम सुरू झालं.

दुसरी अडचण क्लचची. आपल्या हवेत गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की क्लचची प्लेट गंजून चिकटून बसते. प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स काढायचा, आणि हेरल्डमध्ये तो खालून नव्हे, गाडीच्या आतून निघतो. आधी पुढच्या सीट काढा, कार्पेट काढा, मधला बोगद्यासारखा पुठ्ठ्याचा कव्हर काढा. मग दोन माणसांनी गुडघे हनुवटीला लावून आत बसायचं आणि ते धूड मांडीवर घ्यायचं. वरचे बोल्ट डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनी चाचपडून शोधावे लागतात. प्लेट बदलायला लागला एक तास. तिच्यापर्यंत पोचून परत यायला नऊ दिवस.

तिसरी गोष्ट ट्रनियनची. पुढच्या चाकाचा जो उभा दांडा असतो, त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि तो एका पितळी ठोकळ्यात बसतो. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांवर फिरतो. याला वंगण म्हणून गिअर ऑइल घालायचं, ९० नंबरचं. पण इतर गाड्यांच्या सवयीने सगळे तिथे ग्रीस मारतात. ग्रीस वरच्या आट्यांपर्यंत पोचत नाही आणि हळूहळू घट्ट होतं. मग पाणी शिरतं, दांडा आतून गंजतो. बाहेरून काहीच कळत नाही, आणि एक दिवस वळणावर तो मोडून चाक आडवं होतं. आमच्या गाडीत दोन्ही बाजूंना वाळलेलं ग्रीस निघालं. उजवा दांडा इतका खाल्लेला होता, की वहिनी त्या सीटवर किती वेळा बसल्या असतील या विचारानेच मला घाम फुटला. दोन्ही दांडे आणि ठोकळे बदलले.

आता सगळ्यात कठीण काम. मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग घरघरत होतं. बेअरिंग नागदेवीला मिळालं, किंमत काही शे रुपये. पण ते बदलायचं तर हब काढावा लागतो. हेरल्डच्या धुऱ्याचं टोक निमुळतं असतं. हब त्यावर पाचरीसारखा रुततो, वरून नट आवळलेला. पन्नास वर्षांत तो असा बसतो की जणू एकाच लोखंडातून ओतलाय. मेकॅनिक मंडळी या मागच्या भागाला इतकी वैतागली होती, की १९७२ साली हेरल्डच्या जागी गॅझेल आली तेव्हा कंपनीने तो प्रकारच सोडून सरळ एकसंध ॲक्सल दिला.

आम्ही धुरा काढून एका गॅरेजमध्ये नेला. त्यांनी तीन पायांचा पुलर लावला. तो हबच्या कडेला पकडतो आणि हब सुटायच्या आधी कडच वाकवतो. कड वाकू लागलेली दिसली तसं मी काम थांबवलं. दुसऱ्या ठिकाणी गॅसने तापवतो म्हणाले, तिसऱ्याने सांगितलं, "साहेब, पुरा सेट दुसरा बघा." दुसरा कुठून आणणार? कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात शोधलं, ऑपेरा हाउसच्या स्पेअरपार्टवाल्यांकडे विचारलं. जुने दुकानदार हेरल्डचं नाव ऐकून हसले, चहा पाजला आणि नाही म्हणाले. तोपर्यंत फेब्रुवारी उजाडला होता.

मग आपल्या वॉचमनने सांगितलं, की मागच्या गल्लीत एक म्हातारे फिटर राहतात. आम्ही त्यांना मामा म्हणतो. वय ८४. गिरणीत मेन्टेनन्स खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मामांचं खातं कायमचं बंद झालं. पुढे त्यांनी एका गाळ्यात लेथवर जॉबवर्क करून तीन मुलं शिकवली. आपल्यापैकी कितीतरी घरांचा इतिहास याहून वेगळा नाही.

मामांनी हब हातात घेतला, पुसला, खिशातून आटे मोजायची पट्टी काढली. एका मिनिटात म्हणाले, "इंचाला चोवीस. हा तीन अष्टमांश. आमच्या गिरणीच्या बोल्टाला या मापात सोळा यायचे." मी बघत राहिलो. गिरण्यांतली बरीच यंत्रं लँकेशायरची, त्यांचं माप इंचाचं. म्हणजे ज्या इंचासाठी मी अर्धी मुंबई पालथी घातली, तो इंच जाणणारा माणूस आपल्या भिंतीपलीकडे बसला होता.

त्यांनी पाऊण इंच जाडीची लोखंडी प्लेट कापून घेतली. हबवरचे चार बोल्ट पावणेचार इंचाच्या वर्तुळावर असतात, तशी चार भोकं पाडली, मधोमध आटे पाडून जाड बोल्ट बसवला. म्हणजे ओढ चारही बोल्टांवर सारखी येणार, कड वाकणार नाही. मधला बोल्ट आवळला, त्याच्या डोक्यावर हातोड्याचा एक ठोका दिला आणि हात पुसून म्हणाले, "चला, घरी जावा." मी म्हटलं, "मामा, अजून थोडं आवळू या ना." तर म्हणाले, "त्याला मारायचं नाय साहेब. त्याला कंटाळा आणायचा."

रोज संध्याकाळी जायचं, चतकोर आटा आवळायचा, एक ठोका द्यायचा, परत यायचं. पाचव्या दिवशी गाळ्यात कोणी हात लावलेला नसताना बंदुकीसारखा आवाज झाला आणि हब सुटला. धुरा शाबूत, आटे शाबूत, कडही सरळ. बेअरिंग बसवायला अर्धा दिवस पुरला. २८ मार्चला गाडी स्वतःच्या पायांनी गेटबाहेर गेली. ताडदेव आरटीओचे सोपस्कार झाल्यावर वहिनींना प्रभादेवीला सिद्धिविनायकाला नेऊन आणलं.

बँकेची सवय, त्यामुळे सगळ्याची वही ठेवली होती. एकूण काम १४२ तास. त्यातले प्रत्यक्ष भाग बदलायला लागले ३१. बाकीचे सगळे तिथपर्यंत पोचण्यात गेले. कुणी दुरुस्तीचा खर्च सांगतो तेव्हा आपण भागाची किंमत विचारतो. जुन्या वस्तूचा खरा खर्च वाटेतल्या अडलेल्या बोल्टाचा असतो, आणि तो अंदाजपत्रकात कोणी लिहीत नाही.

ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी असेल त्यांच्यासाठी एक उपयोगाची माहिती देतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी असेल तर शुल्क २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांसाठी. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. आम्ही अजून त्या वाटेने गेलेलो नाही. दर पाच वर्षांनी साधं नूतनीकरण करतो, म्हणजे वहिनींना देवळात नेता येतं.

आता थोडं आपल्या इमारतीबद्दल. तिला २५ वर्षं झाली. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी करायचं असतं. सिंकिंग फंड आपण भरतोच. पैशांची बाजू बरी आहे, हे मी ताळेबंद वाचून सांगतो. पण गच्चीतल्या टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह कुठल्या मापाचा आहे, पंपाची लाइन कुठल्या भिंतीतून जाते, हे आज आपल्या जुन्या प्लंबरला तोंडपाठ आहे आणि दुसऱ्या कोणाला नाही. त्यांनाही वय आहे. ते हाताशी आहेत तोवर त्यांच्याबरोबर एक रविवार फिरून सगळं लिहून आणि फोटो काढून ठेवलं पाहिजे. समितीने मनावर घेतलं तर वही मी लिहीन. अक्षर अजून बरं आहे.

मामांचे हात आता थरथरतात, एका डोळ्याला कमी दिसतं. पण ए विंगमधली डिप्लोमाला असलेली आपली एक मुलगी गेले दोन महिने दर शनिवारी त्यांच्या गाळ्यात जाते. आट्यांची पट्टी त्यांनी तिला देऊन टाकली आहे. मी विचारलं, "मामा, कशी आहे शिष्या?" तर म्हणाले, "घाई करत नाय." त्यांच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मी ऐकलेलं नाही.

ती प्लेट आणि इंची पाने मी संस्थेच्या कार्यालयात कपाटाच्या खालच्या खणात ठेवले आहेत. ज्यांना लागतील त्यांनी रजिस्टरमध्ये सही करून न्यावेत, आणि परत आणून ठेवावेत.