फुगडीला लाज कसली?

माउली, वाखरीच्या रिंगणातली गोष्ट. अश्व धावून गेले, टापांखालची माती लोकांनी कपाळाला लावली, आणि टाळ-पखवाज असे घुमले की कुणाचे पाय जागेवर राहीनात. पावली सुरू झाली. मी मात्र उपरणं सावरत बाजूला उभा. कीर्तनकार ना आम्ही! चार लोक बघतात.

डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी आली. तुळस शेजारणीकडं दिली न् म्हणाली, "बुवा, आम्हाला नाचा म्हणून सांगता, तुमचं काय हो?" आन् धरले की माझे हात! पाच-सहा गिरक्या. उपरणं धुळीत, मी घामाघूम, हसू आवरेना. थांबल्यावर ती माझ्या पाया पडली, मी तिच्या. उपरणं कुठं पडलं, ते मुक्कामाला पोचेपर्यंत आठवलं नाही. म्हणा, रामकृष्णहरी!